समुद्रापलीकडील पंगत

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस ‘प्रवासातील गमतीजमती’ हा विषय नेमून दिला आहे आणि वेळ दिली आहे अर्ध्या तासाची. विषय हलकाफुलका आहे. परंतु आम्ही तो तितका हलका ठेवणार नाही, हे प्रारंभीच सांगून ठेवणे बरे. बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविताना जगाचा नकाशा भिंतीवर टांगणे आणि तास संपल्यावर तो गुंडाळून कपाटात ठेवणे, एवढाच आमचा देशाटनाशी संबंध होता. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, इंग्रजी बेताचेच. निवृत्तीनंतर मात्र योग असा जुळून आला की कन्या पतीसमवेत इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबा येथे, राहावयास गेली आणि चिरंजीव जपानात ओसाका शहरी नोकरीस लागले. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही उभयता पहिल्या देशी जाऊन आलो आणि २०२३ च्या एप्रिलात दुसऱ्या.

तेथे काय पाहिले ह्यापेक्षा तेथे काय जेवलो व कोणाच्या हातचे जेवलो, हे सांगणे आज आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. कारण असे की, आपल्या शिक्षणनिधीच्या अर्जात आठवे कलम आहे. परदेशी शिक्षणासाठी साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे ज्ञातीच्या आहारविषयक मर्यादा पाळण्याची लेखी हमी द्यावी, असे ते कलम सांगते. गेल्या वर्षी एका हुशार मुलीने ते वाचले, अर्जाची घडी घातली आणि काही न बोलता ती घरी निघून गेली. तेव्हापासून हे कलम आमच्या मनातून जात नाही.

असो. प्रथम इथिओपियाचे सांगतो.

हा देश पूर्वी अबिसिनिया ह्या नावाने ओळखला जाई आणि त्यावरूनच आपल्याकडे तेथील माणसांस ‘हबशी’ म्हणत. आदिस अबाबा हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या दीडपटीहून अधिक उंच. विषुववृत्ताच्या इतके जवळ असूनही डिसेंबरात रात्री दोन पांघरुणे लागतात. विद्यार्थ्यांना आम्ही हे वर्षानुवर्षे पाठ करावयास लावीत असू. अंगात हुडहुडी भरली तेव्हा ते खरे वाटले.

तेथील पंचांग निराळे, घड्याळही निराळे. वर्षाचे महिने तेरा. त्यांपैकी बारा तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाचसहा दिवसांचा. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या गणनेप्रमाणे २०११ साल चालू होते, म्हणजे विमानातून उतरताच आम्ही सात वर्षांनी तरुण झालो! दिवसाचे तास ते सूर्योदयापासून मोजतात. आपल्या सकाळच्या सातास त्यांचा एक वाजतो. आमच्या गाडीचा चालक ‘उद्या दोन वाजता येतो’ असे सांगून गेला आणि सकाळी आठाच्या ठोक्याला दारात येऊन उभा राहिला. सौभाग्यवतींची वेणीफणीही व्हावयाची होती. आपले पूर्वज सूर्योदयापासून घटका मोजीत, त्यातलाच हा प्रकार. हसण्याजोगे त्यात काही नाही. पण त्या सकाळी आम्ही पुष्कळ हसलो.

त्या दिवशी आम्ही राजधानीच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या देब्रे लिबानोस नावाच्या प्राचीन ख्रिस्ती मठास निघालो होतो. तेराव्या शतकात स्थापन झालेला हा मठ एका अतिशय खोल दरीच्या काठी आहे. तेथे गवत खाणारी मोठाली, आयाळ असलेली वानरे कळपाकळपाने बसलेली दिसतात. परतीच्या वाटेवर, दिवस कलता असता, मोटारीचा पट्टा तुटला. उघडे पठार, बोचरा वारा, भाषा येत नाही, भ्रमणध्वनीस संकेत नाही. चालक दुसऱ्या वाहनातून पट्टा आणावयास गेला आणि जाताना रस्त्यालगतच्या एका घरातील वृद्धेच्या स्वाधीन आम्हांस करून गेला.

त्या माउलीने प्रथम आमच्या हातांवर तांब्यासारख्या भांड्यातून पाणी घातले आणि खाली तस्त धरले. मग वेताच्या उंच, टोपलीसारख्या चौरंगावर एकच मोठे ताट आले. त्या देशाचे मुख्य अन्न इंजेरा. टेफ नावाचे खसखशीएवढे बारीक धान्य असते; त्याचे पीठ दोनतीन दिवस आंबवून मातीच्या विस्तीर्ण तव्यावर एका अंगाने भाजतात. आपली जाळीदार आंबोळी हाताएवढ्या रुंदीची केली, तर जशी दिसेल तशीच ती दिसते. ती ताटभर पसरून तिच्यावरच निरनिराळी कालवणे वाढतात आणि सर्वांनी भोवती बसून त्या एकाच पानातून जेवावयाचे असते. शेवटी पानही खाऊन टाकावयाचे.

ताट पाहून आम्हांस धीर आला. डिसेंबरात तेथील ख्रिस्ती लोकांचा नाताळापूर्वीचा उपवास चालू असतो. त्यांचा नाताळ ७ जानेवारीस येतो. बुधवार व शुक्रवार हेही उपवासाचे वार. मांस, अंडी, लोणी, दूध, सर्व वर्ज्य. त्यामुळे ताटात मसुराचे तिखट कालवण, हळद घातलेली वाटाण्याची डाळ, पालेभाजी आणि हरभऱ्याच्या पिठाचे ‘शिरो’ एवढेच होते. हे शिरो म्हणजे आपले पिठले, दुसरे तिसरे काही नाही. त्यांच्या उपवासास मसूर चालते, दूध चालत नाही. आपल्या उपवासास दूध चालते, मसूर चालत नाही. आता ह्यांपैकी देवास कोणता उपवास पोचतो, हा निवाडा कोणी करावा?

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर कडक शिस्तीचे. चाखलेला चमचा चुकून पातेल्यात गेला तर ते पातेले घासावयास टाकणारे ते घर. एका ताटातून तर त्या आमच्यासमवेतही कधी जेवल्या नाहीत. त्या देशात ‘गुर्शा’ नावाची रीत आहे. यजमानाने स्वतःच्या हाताने घास करून पाहुण्याच्या मुखात घालावयाचा. घास जितका मोठा तितका लोभ मोठा, आणि तो नाकारणे हा मोठा उपमर्द. त्या वृद्धेने एक मोठा घास केला आणि सौभाग्यवतींच्या तोंडाशी नेला. क्षणभर दोघीही तशाच थांबल्या. चुलीचा प्रकाश त्या म्हाताऱ्या हातावर पडला होता आणि हात किंचित कापत होता. मग आमच्या कुटुंबाने तोंड उघडले. घास गिळून होताच त्यांनी स्वतः एक घास केला आणि त्या माउलीस भरविला. डोहाळजेवणाच्या वेळी भरवितात, अगदी तस्सा.

रात्री घरी परतल्यावर आम्ही विचारले, ‘‘आता स्नान करावयाचे का?’’ त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘अहो, आईच्या हातचा घास होता तो. काहीतरीच काय विचारता?’’

कोणी असे समजू नये की त्या लोकांत आहाराचे निर्बंध नाहीत. तेथील सनातनी ख्रिस्ती माणूस डुकराचे मांस खात नाही. मुसलमानाने कापलेल्या पशूचे मांस ख्रिस्ती खात नाही आणि ख्रिस्ती माणसाने कापलेले मुसलमान खात नाही. पिढ्यान्पिढ्या शेजारी राहूनही हे ते पाळीत आले आहेत. कॉफीला मात्र असा कोणताही अडसर नाही. कॉफीचे मूळ जन्मस्थान तोच देश. हिरवे दाणे पाहुण्यासमोर निखाऱ्यावर भाजतात, धूप जाळतात, मातीच्या लांब मानेच्या सुरईत ती उकळतात आणि एकामागून एक तीन पेले देतात. तिसऱ्या पेल्यास ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद, असे नाव आहे. तो घेतल्यावाचून उठणे अशिष्ट. आमच्यासारख्या चहाबाज माणसास त्या तिसऱ्या पेल्याने रात्रभर जागविले, ही गोष्ट निराळी.

आता बाजारातील एक प्रसंग. आदिस अबाबा येथे मर्कातो नावाचा अवाढव्य बाजार आहे. तेथे एका पोत्यातील काळ्या, चकचकीत, बारीक बियांत सौभाग्यवतींनी हात घातला, चिमूटभर दातांखाली धरल्या आणि त्या ओरडल्याच, ‘‘अहो, हे तर कारळे!’’ आणि खरोखरच ते कारळेच होते. त्या देशात त्यास ‘नूग’ म्हणतात व त्याचे तेल काढतात. पुढे आम्ही चौकशी केली तेव्हा समजले की कारळ्याचे शास्त्रीय नावच मुळी ‘गिझोशिया अबिसिनिका’ असे आहे. आपण ज्याची चटणी भाकरीवर घेतो ते बी मूळचे तेथले.

आणि ती भाकरी तरी कोठली? नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या ह्याच पठारी प्रदेशातील. ज्वारीची लागवड प्रथम सुदानच्या बाजूस झाली, बाजरीची सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर पश्चिम आफ्रिकेत. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ही धान्ये समुद्रमार्गाने व किनाऱ्याकिनाऱ्याने आपल्या देशी आली. धान्यांपाठोपाठ माणसेही आली. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले, त्या नगरास नहरींनी पाणी पाजले आणि १६२६ साली ह्याच भूमीत देह ठेवला. खुलताबादेस त्याची कबर आहे. दख्खनच्या मातीतील अन्न, वस्तुतः आफ्रिकेतून आलेल्या बियाण्याचे अन्न, खाऊनच तो हे करता झाला.

ही झाली भाकरी. भगिनीवर्गाने रागावू नये, पण आता एकादशीच्या फराळाचीही थोडी झडती घेऊ. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल येईनासा झाला तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने निघाले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा पेरूच्या डोंगरांतला. रताळे अमेरिकेतले, राजगिरा मेक्सिकोकडचा आणि हिरवी मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीज ह्या किनाऱ्यास लागले १४९८ साली. त्यापूर्वी आपल्या कोणत्याही पूर्वजाने मिरची पाहिलेली नव्हती. फराळाच्या ताटात वरईचे तांदूळ तेवढे निश्चित आपले उरतात. समुद्र ओलांडणे निषिद्ध, असे सांगणारे ज्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन उठले, त्या दिवशी समुद्र त्यांच्या पोटातच होता.

आता जपान. तेथे आमची स्थिती नेमकी उलट झाली. इथिओपियात सहज पोट भरले. ओसाकात पहिले दोन दिवस चिरंजिवांच्या घरच्या वरणभातावर काढावे लागले. त्या देशात बोनिटो नावाच्या जातीचा मासा वाळवून लाकडासारखा कठीण करतात, रंध्याने त्याचे पापुद्रे काढतात आणि त्यांच्या अर्कात बहुतेक सारी कालवणे शिजवितात. वरून पाहावे तर निव्वळ भाजी, आत मात्र माशाचे पाणी. चिरंजिवांनी आम्हांस एक चिठ्ठी जपानी अक्षरांत लिहून दिली होती: मांस नको, मासा नको, माशाचा अर्कही नको. एका शेवयांच्या दुकानदाराने ती दोनदा वाचली, कमरेत वाकून क्षमा मागितली, अंगावरील रुमाल काढून ठेवला आणि दोन गल्ल्या आमच्यासोबत चालत येऊन आम्हांस एका भाजीभाताच्या खाणावळीच्या दारात उभे केले. गिऱ्हाईक हातचे गेले ह्याचे नव्हे, तर अतिथी विन्मुख गेला ह्याचे त्यास वाईट वाटत होते.

ओसाकाहून आगगाडीने दक्षिणेस गेले की गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गलोकीचा पूल, नावाचे शेवटचे स्थानक लागते. तेथून तारेने ओढल्या जाणाऱ्या गाडीतून उभा चढ चढून कोयासान ह्या पर्वतावरील क्षेत्री पोचता येते. कूकाई नावाच्या महापुरुषाने ८१६ साली तेथे बौद्ध मठाची स्थापना केली. यात्रेकरूंनी मठांतच उतरावे अशी तेथे सोय आहे. पाटासारख्या बुटक्या, लाखेने रंगविलेल्या चौरंगांवर प्रत्येकाचे पान निराळे मांडलेले असते. मांस नाही, मासा नाही, इतकेच काय, कांदा-लसूणही नाही! तिळाचा खरवसासारखा मऊ पदार्थ, सोयाबीनच्या पनीरवजा वड्या गोठवून वाळविलेल्या आणि पुन्हा रसात भिजविलेल्या, समुद्रवनस्पती व अळिंबे ह्यांचे सार, लोणचे आणि भात. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘हा तर चातुर्मास.’’

पहाटे मंदिरात अग्नी प्रज्वलित करून भिक्षूंनी समिधांची आहुती दिली. त्या विधीस ते ‘गोमा’ म्हणतात. हा आपलाच ‘होम’. कूकाई हे निधन पावले नसून ८३५ पासून समाधिस्थ आहेत, अशी तेथील श्रद्धा आहे आणि म्हणून आजही दररोज दोन वेळा त्यांच्यापुढे शिजविलेले अन्न वाजतगाजत नव्हे, तर मौनाने नेले जाते. आम्हांस पंढरपूरच्या नैवेद्याची आठवण झाली. एका भिंतीवर, चंद्रबिंबासारख्या वर्तुळात, एकच अक्षर काढून टांगले होते. ते सिद्धम् लिपीतील ‘अ’ होते. कूकाईंनी चीनमधून ही लिपी ८०६ साली जपानात नेली. त्या अक्षरावर दृष्टी लावून तेथे ध्यान करतात. बत्तीस वर्षे फळ्यावर आम्ही दर जूनमध्ये पहिले अक्षर तेच काढीत आलो. तेथून आमचा पाय लवकर निघाला नाही.

परंतु जपानच्या इतिहासातील एक गोष्ट आमच्या विषयाशी फारच निगडित आहे. इ. स. ६७५ साली तेम्मू ह्या सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, वानर व कोंबडी ह्यांचे मांस खाण्यास बंदी केली. पुढील शतकांत असे निर्बंध वारंवार निघाले. लोकांनी काय केले? बहुतेकांनी पाळले, परंतु ज्यांस पाळावयाचे नव्हते ते मांस ‘औषध’ म्हणून खाऊ लागले. रानडुकराचे नाव त्यांनी ‘डोंगरी देवमासा’ असे ठेवले, कारण देवमासा हा मासा समजला जाई आणि माशास बंदी नव्हती! शेवटी १८७२ साली मेजी सम्राटाने स्वतःच मांस खाल्ल्याचे जाहीर केले आणि प्रश्न निकालात निघाला. हुकुमाने जेवण बदलत नाही, जेवणाचे नाव बदलते. आणि कोयासानच्या भिक्षूंना पाहावे, तर कोणत्याही हुकुमावाचून त्यांचे पान आजही तसेच शुद्ध.

आपल्याकडील दाखले फार दूरचे नाहीत. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईत त्याच्या ज्ञातीची सभा भरली. ज्ञातीच्या शेटजींनी त्यास बहिष्कृत ठरविले आणि जो कोणी त्यास धक्क्यावर निरोप द्यावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड फर्माविला. मुलगा गेलाच. लंडनमध्ये तो अर्धपोटी राहिला, शाकाहारी खाणावळ सापडेपर्यंत त्याने शहर पालथे घातले, पण मांसास शिवला नाही. कारण काय? ज्ञातीने दंड केला म्हणून? मुळीच नाही. निघण्यापूर्वी त्याने आईसमोर शपथ घेतली होती म्हणून. १८९१ साली परत आल्यावर बंधूंच्या आग्रहास्तव नाशकास गोदावरीत स्नान झाले, राजकोटास ज्ञातिभोजनही झाले. तरीही ज्ञातीतील एका तटाने बहिष्कार उठविला नाही आणि सासुरवाडीच्या घरचे पाणीही त्यांस घेता येईना. सव्वा रुपयाचा तो दंड कोणी भरला की नाही, ह्याची आज कोणास पर्वा आहे?

त्याच काळात, १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य झाले. प्रायश्चित्ताचे वाद कितीतरी दिवस चालले. आणि आज? चहा आल्यावाचून आपल्या कार्यकारिणीची गणपूर्तीसुद्धा होत नाही.

आम्ही स्वतः आजन्म शाकाहारी आहोत आणि तसेच राहणार. कोणी मांसाहार करावा असे आम्ही सुचवीत नाही. असे कोणी बाहेर जाऊन सांगू नये. आमचे म्हणणे एवढेच की आठव्या कलमाने कोणाचे पान राखले जाणार नाही. ज्यास पाळावयाचे आहे तो आईच्या शब्दाखातर पाळील. ज्यास पाळावयाचे नाही तो हमीपत्रावर सही करील आणि डोंगरी देवमासा खाईल. खोटे लिहिणे ज्यास जमत नाही अशी मुले तेवढी अर्ज परत नेतील. गेल्या वर्षी गेलेली मुलगी अशांपैकीच होती असे आम्हांस वाटते. आणि अशी मुले तर निधीस हवी आहेत.

ह्यास्तव आम्ही चिटणिसांकडे लेखी दुरुस्ती सादर केली आहे. आठवे कलम गाळावे आणि त्याच्या जागी असे घालावे: ‘परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास प्रेशर कुकर, गरम कपडे व पहिल्या महिन्याचा शिधा ह्यांसाठी निधीतून स्वतंत्र रक्कम देण्यात यावी.’ आपल्या हातचे खावयाचे की बाहेरचे, हे मग त्याचे त्यास ठरविता येईल. निदान उपाशीपोटी ठरवावे लागणार नाही. यादीत कारळ्याची चटणी असावी, अशी सौभाग्यवतींची सूचना आहे. ती आम्ही जशीच्या तशी कळवितो.

दुरुस्ती सर्वसाधारण सभेपुढे यावयाची तर पंचवीस सभासदांच्या सह्या लागतात. आतापर्यंत सतरा झाल्या आहेत. कागद खजिनदारांच्या मेजावर, पावतीपुस्तकाशेजारी ठेवला आहे. चहा येण्यास अजून दहा मिनिटे आहेत असे समजते.